अस्तराचा काळा

आमच्या धंद्यात काळा हा रंग नव्हेच, ते अस्तर. बंगल्याच्या दर्शनी भिंतीवरचे सात घोडे असोत की मंगल कार्यालयाच्या दारावरचे मोर, सिमेंटचं उठावकाम वाळलं की त्यावर आधी काळ्याचा एक हात मारायचा. तो सुकला की सोनेरी पावडर वार्निशात कालवायची, ब्रश बुडवून फडक्याला पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उठावाच्या माथ्यांवरून अलगद फिरवायचा. उंच भाग सोनेरी होतात, खोल भाग काळे राहतात, आणि घोडे भिंतीतून बाहेर निघाल्यासारखे दिसतात. गिऱ्हाईक खूश. गेल्या वीस वर्षांत जालन्यापासून परतूरपर्यंत ज्यांनी बंगले बांधले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या भिंतीवर माझे घोडे आहेत. त्यातला एकही मला आता बघवत नाही.

हे दुखणं लागलं जालन्यातल्या एका शेठजींच्या बंगल्यात. राजस्थानातून येऊन पाच पिढ्या इथंच रुजलेलं व्यापारी घर, बोलणं मराठीच, पण मधूनच हिंदीकडे झुकणारं. त्या दिवशी काळ्याचा हात मारून झाला आणि बघतो तर सोनेरी पावडर संपलेली. दुकानात गेलेला माणूस रेल्वे फाटकात अडकला. मी परांचीवर चहा घेऊन बसलो. ऊन तिरपं झालं होतं, आणि समोरच्या काळ्या भिंतीवर घोडे नव्हतेच. नुसते चढ, नुसत्या घळी. एका ठिकाणी काळा राखेसारखा कोरडा, एका ठिकाणी ओला वाटावा इतका खोल. ऊन सरकत होतं तसतसं भिंतीवरचं सगळं हळूहळू जागा बदलत होतं. चहा गार झाला आणि तो तसाच हातात राहिला.

तेवढ्यात शेठजी बाहेर आले. "अहो कलाकार, हे काय भूत करून ठेवलंत? पोरीचं लग्न आहे माझ्या घरात. काळं बिलकुल दिसायला नको मला. जल्दी सोनं चढवा."

दुसऱ्या दिवशी सोनं चढवलं. घोडे परत घोडे झाले, शेठजींनी पेढा दिला. पण तेव्हापासून माझं बस्तान उठलं ते उठलंच. कुठल्याही भिंतीवर काळ्याचा हात मारला की सोनेरी डबा उघडावासा वाटेना.

वाटूर फाट्यावर टायरच्या दुकानामागं माझं पत्र्याचं शेड आहे. तिथं मी घोड्यांशिवायची कामं सुरू केली. प्लायवूडच्या फळीवर लोखंडी जाळी ठोकायची. परतूरच्या मोंढ्याच्या बाजारातून जुनं बारदान, म्हणजे धान्याची फाटकी पोती आणायची, पांढऱ्या सिमेंटच्या रबड्यात भिजवायची, पिळायची आणि तो पीळ जाळीवर बसवत जायचं. कुठं दाट, कुठं मोकळा. वाळला की काळा. आणि काळा एक नाहीच, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत तापलेल्या सळईवरून काळे पापुद्रे गळून पडतात, ते कुटून मिसळले की एक काळा होतो, त्याला आतून निळसर झाक असते. दिव्याच्या काजळीचा काळा मऊ, प्रकाश गिळून टाकणारा. त्याच काळ्यावर मेण घासलं की तो उलट प्रकाश फेकतो. या तिघांना एका फळीवर नांदवायचं, एवढंच माझं काम. सांगायला सोपं आहे. मी दोन वर्षं त्यात नुसता फिरून फिरून तिथंच येत होतो.

घरी मी जेवता जेवता उठायचो. ताट तसंच टाकून मोटारसायकल काढायची, परतूरहून वाटूरला जायचं, कालच वाळलेल्या फळीकडे पुन्हा बघायचं, दोन पिळे खरवडून काढायचे आणि हात काळे करून परत यायचं. बायको म्हणायची, "आधी काळं करायचात, मग पिवळं करायचात, तेव्हा कुठं किराणा यायचा. आता नुसतंच काळं. घरात एक संक्रांत असते वर्षातून, तुमची बारा महिने चाललीय." ती हसून म्हणायची, पण किराण्याचं तिनं खोटं सांगितलेलं नव्हतं. घोड्यांची कामं मी पुरती सोडली नव्हती, एवढंच.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. जालन्याला एका शाळेच्या सभागृहात मी तीन काळ्या फळ्या मांडल्या होत्या. एक चित्रकला शिक्षक आले, हात मागं बांधून बघत राहिले आणि जाताना खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काळ्याचं एक बरं असतं. सगळं खपून जातं." वाईट हेतूनं नव्हते बोलले. पण ते वाक्य माझ्या कानात शिरलं आणि निघायचं नाव घेईना, कारण आमच्या धंद्याचं तर ते गुपितच आहे. घोड्याचा पाय नीट जुळला नाही की काळ्याचे दोन हात जास्त मारायचे, जोड दिसत नाही. मी स्वतः शेकडो वेळा मारलेत. मग आता जे करतोय ते काय? काळ्याचा शोध लागलाय मला, की खोट झाकायला आयुष्यभराची सोय झालीय? स्वतःलाच विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर यायचं.

हे खरं सांगू शकेल असा एकच माणूस होता, मामा.

मामा माझे नात्यानं कुणी नव्हेत. अख्खा धंदा त्यांना मामा म्हणतो. कुंभार पिंपळगावच्या पुढं त्यांचं गाव. वडील मेंढरं राखायचे. मामांनीही लहानपणी कळपामागं पायपीट केली, पण त्यांचे हात मातीत रमले. पोळ्याचे बैल, मग गणपती, मग सिमेंट. सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. जाळी कशी ताणायची, सिमेंट किती वेळ भिजू द्यायचं, कुठं थांबायचं. परांचीखाली उभं राहून ते वर बोट करायचे, "तिसऱ्या घोड्याचा गुडघा पोकळ हाय," आणि फोडून बघितलं की पोकळच निघायचा. तोंडावर गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणून तर त्यांचं मत मला हवं होतं.

वर्षापूर्वी त्यांना पहिली काळी फळी दाखवली. ते बराच वेळ समोर उभे राहिले. मान एकदा इकडं, एकदा तिकडं. मग म्हणाले, "हं. मंग, सोनेरी हात कवा मारतो?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. दुसरी फळी दाखवली, तेच. तिसरी दाखवली, तेच. मी समजावून सांगितलं की मामा, हे असंच राहणार आहे, यात सोनं नाही. "बरं बरं," म्हणाले. आणि पुढच्या खेपेला पुन्हा, "सोनेरी कवा?" घोड्यांच्या कामावर सोनेरी हात मारायला ते अजून येत, नेमाने येत, आणि दर खेपेला मी त्यांना शेडच्या मागच्या बाजूला नेऊन तोच मार खात असे. वर्षभर मी त्या एका प्रश्नाचा एकच अर्थ लावला, की हे काम मामांच्या लेखी अर्धवट आहे. अस्तर मारून ठेवलंय आणि पुढचं जमत नाही म्हणून त्यालाच काम म्हणतोय. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की मी आणखी एक फळी करायला घ्यायचो.

या वर्षी मुंबईच्या एका कलादालनानं सहा जणांच्या प्रदर्शनात माझं एक काम मागितलं. आठ फूट बाय पाच. मी घोड्यांची दोन कामं सोडून दिली आणि सहा आठवडे त्या एका फळीला जुंपून घेतलं. वरून डावीकडून एक जाड पीळ निघून वळत खाली येतो, मधे सुटा होतो, परत गोळा होतो. दुसरं काही नाही त्यात. पण त्या वळणावर मी इतक्यांदा सिमेंट चढवून इतक्यांदा काढलं की जाळी दोनदा बदलावी लागली. काम संपलं त्या संध्याकाळी अंगात कणकण होती, दुसऱ्या दिवशी तापानं आडवा झालो ते सहा दिवस. शेडची दुसरी किल्ली मामांकडे असते. बायकोनं त्यांना फोन करून सांगितलं की हे पडलेत, गुरुवारी टेम्पो यायचाय, जरा लक्ष असू द्या.

मंगळवारी उठलो. तसाच वाटूरला गेलो. शेडचं दार उघडलं आणि समोर सगळं सोनेरी.

वरून डावीकडून निघालेला पीळ सोनेरी, मधला सुटा भाग सोनेरी, खालचा गोळा सोनेरी. कडेला फडकं, ब्रश आणि वार्निशाचा डबा, सगळं नीट धुऊन झाकून ठेवलेलं. मी ओरडलो असेन बहुतेक, कारण टायरवाला धावत आला. तो फळीकडे बघून म्हणाला, "झालं वाटतं काम! आता कसं लखलखीत दिसून राह्यलं." त्याला मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर त्याची माफी मागितली.

एका काळ्याचा हात परत मारणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण तिथं तीन काळे होते, मेण होतं, कुठला कुठं संपतो ते मी सहा आठवडे ठरवत होतो. ते सगळं वार्निशाखाली गेलं होतं. मी शेडमधे नुसता येरझारा घालत राहिलो. फळीकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे बघितलं, तर भिंतीवरही सोनेरी ओरखडे. फळीची कड ओलांडून ब्रश चांगला वीतभर भिंतीवर गेलेला. खाली विजेच्या बटणांच्या खोक्यावर एक फराटा, फरशीवर थेंब. थेंब सांडला तर कामावरून हाकलून देणारा हा माणूस. ते मला खटकलं, पण तेव्हा खटकून घ्यायला डोकं जागेवर नव्हतं. फोन लावला, त्यांनी उचलला नाही. बायकोला लावला. ती म्हणाली, "आधी घरी या, दोन घास खा, मग जाऊन भांडा काय भांडायचं ते." मी घरी गेलो नाही. परतूर ओलांडून तसाच पुढं निघालो, आणि वाटेवर मामांना काय काय बोलायचं त्याची उजळणी करत गेलो. मोसंबीच्या बागा, ऊस, ट्रॅक्टर, काही दिसलं नाही. फक्त माझी वाक्यं दिसत होती, आणि एकेक वाक्य आधीच्यापेक्षा जहरी.

मामा अंगणात बाजेवर बसून सुतळी वळत होते. गाडीचा आवाज आला तशी मान वर केली. "शेडात जाऊन आल्तास का?" माझ्याकडे बघून म्हणाले, पण नजर माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी.

"कामून केलं मामा तुम्ही हे?" मी उभ्या उभ्याच म्हणालो. "सहा आठवड्यांचं काम. वर्षभर सांगतोय की यात सोनं न्हाई. तुमच्या हाताला एवढी खाज होती तर माझे घोडे होते की."

त्यांची सून चहा घेऊन आली. तिनं कप बाजेवर ठेवला नाही. मामांचा हात धरला, कप त्यात दिला आणि त्यांची बोटं कपाभोवती मिटवली, मग हात सोडला. असं ती रोजच करत असावी, इतकं सहज. माझी उजळणी केलेली वाक्यं तिथंच अडकली.

"बस," मामा म्हणाले. "तुला वाटलं आसंल, म्हाताऱ्यानं सवयीनं हात मारला. सवयीनं न्हाई मारला. काळ्यातलं मला दिसत न्हाई रं. वर्ष झालं. काचबिंदू हाय म्हणला डाक्टर, गेलेलं परत येत न्हाई म्हणला, राह्यलेलं राखायचं. सोनेरी चमकतं ते दिसतं आजून. काळं म्हणजे नुसतं दार लावल्यावानी."

"मग सांगायचं ना मला."

"सांगितलं आसतं तर घोड्यावर हात मारायला बोलावलं आसतंस का?"

बोलावलं नसतं.

"तू दर खेपेला इचारायचास, मामा, कसं झालं. मी काय सांगू? खोटं बोलायचं तर तुझ्याशी बोलता येत न्हाई. म्हणून म्हणायचो, सोनेरी कवा मारतो. म्हणलं, मारलं तर दिसंल तरी. तू काय मारीना. आन् आता तर ते मुंबईला चाल्लं. गेलं की गेलं. म्हणून मारला मीच. तुला परत काळा मारता येतो, मला परत डोळे येत न्हाईत."

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी सुटका आली आणि मग लाज. क्रम हाच होता. वर्षभर जो निकाल मी उराशी धरून जळत होतो, तो निकालच नव्हता. एका माणसाला दिसत नव्हतं, बस. आणि मी त्या माणसाला दर महिन्याला न दिसणाऱ्या भिंतीसमोर उभं करून माझ्या कामाच्या परीक्षेच्या नावाखाली त्याचीच परीक्षा घेत होतो. तरीही जे विचारायचं ते मी विचारलंच. माझा स्वभावच असा हलकट आहे.

"मंग दिसलं का?"

"दिसलं." त्यांनी कप खाली ठेवायला हात पुढं केला, मी घेतला. मग त्यांनी तोच हात हवेत उचलला आणि डावीकडून वरून खाली आणला. वळण बरोबर माझं होतं. जिथं पीळ सुटतो तिथं त्यांची बोटं सुटली, जिथं गोळा होतो तिथं मिटली. "हे मला जमलं नसतं. चाळीस वर्षं घोडे काढले मी. घोडा आसला की लोकाला कळतं कुठं बघावं. तुझ्यात घोडा न्हाई, कायच न्हाई, तरी मी दोन दिवस बघत राह्यलो. सुनंला इचार, जेवायला आलो न्हाई."

हे ऐकण्यासाठी मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत, त्यांना दिसणारच नव्हते.

"पण उजवीकडं खाली," मामा म्हणाले, "हातभर जागंत, तू पळालास."

हातातला कप मी जमिनीवर ठेवला.

"तिथं पीळ नुसता चिटकवलाय. का चिटकवलाय ते तुलाबी म्हाईत न्हाई. आन् वरून काळ्याचे चार हात मारलेस. बाकी सगळीकडं बोटाला धार लागती, तिथं गिलाव्यावानी गुळगुळीत. म्हणून मी तिथं दोनदा सोनेरी मारला. म्हणलं, मलाच दिसंना जणू. पर दिसत व्हतं बराबर. तिथं कायच नव्हतं."

तो कोपरा मी ताप चढायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत घाईघाईनं उरकला होता. खाली येणाऱ्या पिळाचं पुढं काय होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तारीख जवळ आली होती. उरलेलं बारदान तिथं बसवलं आणि काजळीचा काळा चढवत राहिलो, एक, दोन, तीन, चार, जोवर तो कोपरा प्रकाश गिळायला लागला आणि त्याच्याकडे बघायची गरज उरली नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी जे म्हटलं होतं ते मी त्या हातभर जागेत खरं करून दाखवलं होतं. सगळीकडे नाही, पण तिथं केलंच होतं.

"टेम्पो कवा हाय?" मामांनी विचारलं.

"परवा."

"मंग जा आन् काळा मार. तिन्ही काळे न्हाई बसले तरी चालंल, लांबून झकास दिसंल. त्या कोपऱ्याचं कुणाला कळत न्हाई."

ते मनापासून म्हणत होते, माझी परीक्षा नव्हते घेत. आणि खरंच कुणाला कळलं नसतं. मुंबईत तर नाहीच. सहा जणांत माझं एक काम, त्याचा खालचा उजवा हातभर कोपरा, कोण वाकून बघणार होतं? मी अंगणात दोन चकरा मारल्या. मग खिशातून फोन काढला आणि टेम्पोवाल्याला म्हणालो, "परवा येऊ नका."

"मग कधी येऊ?"

"आता नाहीच. मुंबईला मीच कळवतो."

मामांच्या हातातली सुतळी थांबली. "येडा हायस का तू? मुंबईनं बोलावलंय. लोकं जन्मभर वाट बघतात. एका कोपऱ्यापायी कुणी सोडतं का?"

"तुम्ही पाठवलं असतं का, मामा?"

हातातली सुतळी त्यांनी उलगडली, परत वळली.

"मी चाळीस वर्षं तसलेच कोपरे पाठवले," ते म्हणाले. "त्याबिगर का मला तुझा कोपरा घावला?"

मग त्यांनी आत हाक मारून सुनेला माझं ताट वाढायला सांगितलं.